धानाच्या बांधीतला उन्हाचा जमाखर्च



मार्च महिना लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. ऊन चढू लागते आणि विहिरीची पातळी उतरू लागते. या दोहोंचा संबंध आहे हे आपण सगळेच जाणतो. पण तो नेमका किती? एका दिवसाचे ऊन एका एकरातून किती पाणी नेते? हा आकडा हाताशी असेल तर उन्हाळी पीक घ्यावे की नाही, घेतलेच तर किती घ्यावे, हे ठरवणे सोपे जाते. आकडा नसेल तर काय होते, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. म्हणून आधी ती हकिकत सांगतो.

माझी चूक

कृषीची पदवी घेऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आपला जिल्हा कापसाचा, तुरीचा आणि आता सोयाबीनचा. धान हे इथले मुख्य पीक नव्हे. वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरच्या बाजूला बरेच आत गेले की बांध्या दिसू लागतात आणि पुढे गडचिरोली, भंडारा, गोंदिया ही तर धानाचीच भूमी. पण सोयरीक नदीच्या दोन्ही तीरांवर असते. सोयऱ्याकडचे उन्हाळी धान पाहून आलेल्या एका शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, माह्या विहिरीले पानी हाय. एक एकर उन्हाळी धान लावू काय?"

मी विहीर पाहिली, पंप पाहिला. झाडीपट्टीतल्या उन्हाळी धानाला किती पाणी लागते त्याचा आकडा माझ्या वहीत होता. गुणाकार केला आणि "लावा" म्हणून सांगितले.

जानेवारीच्या अखेरीस रोवणी झाली. फेब्रुवारी छान गेला. मार्चच्या मध्यापासून पंप जास्त वेळ चालवावा लागू लागला. एप्रिलमध्ये दिवसा उपसलेली विहीर रात्रभरात भरेना. धान निसवण्याच्या ऐन वेळी बांधीला भेगा पडल्या. निम्म्याहून अधिक लोंब्या पोचट निघाल्या. त्याहून वाईट म्हणजे गुरांच्या पाण्यासाठी त्या घरच्या बायामाणसांना दुसऱ्याच्या विहिरीवर जावे लागले. मी भेटायला गेलो तेव्हा काकाजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुमच्या वहीतला हिशेब बरोबरच असन. पन थो माह्या विहिरीले कोनी सांगतला नाही."

माझा गुणाकार बरोबर होता, आकडा मात्र दुसऱ्या ठिकाणचा होता. चहूबाजूंनी ओल्या बांध्या असलेल्या मुलखातला आकडा मी कोरड्या रानातल्या एकट्या बांधीला लावला होता. या दोन बांध्यांत एवढा फरक का पडतो, हे समजण्यासाठी उन्हाचा जमाखर्च पाहावा लागतो.

ऊन जाते कुठे?

उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी भर दुपारी एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर सुमारे एक हजार वॅट इतके ऊन पडते. घरातल्या एका इस्त्रीला जेवढी वीज लागते, साधारण तेवढी ही ताकद झाली. एका एकरात असे सुमारे ४,०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे दुपारी आपल्या एकरभर वावरात चार हजार इस्त्र्या एकदम तापत असतात असे समजा. ही झाली जमेची बाजू.

या जमेतून प्रथम काही कपात होते. काही ऊन जमिनीवरून, पिकावरून परत फेकले जाते. दाट हिरव्या पिकावरून शंभरातले साधारण वीस-पंचवीस भाग परत जातात. नुकत्याच रोवलेल्या, पाण्याने भरलेल्या बांधीवरून त्याहून बरेच कमी जातात, कारण पाणी बहुतेक ऊन पोटात घेते. शिवाय तापलेली जमीन स्वतःही आकाशाकडे उष्णता टाकत असते. ही सगळी कपात जाऊन जे हाती राहते ती निव्वळ जमा.

निव्वळ जमेच्या खर्चाच्या वाटा तीन. पहिली, जमीन आणि बांधीतले उभे पाणी तापवणे. दुसरी, वरची हवा तापवणे. तिसरी, पाण्याची वाफ करणे. यात मातीवरून व पाण्यावरून सरळ उडणारे पाणी आले आणि मुळांनी ओढून पानांच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडणारे पाणीही आले. पीक स्वतःचे अन्न तयार करण्यासाठी जे ऊन वापरते ते शंभरात एक-दोन भागच असते, म्हणून या खात्यात ते वेगळे धरत नाहीत.

शास्त्रज्ञ याला पृष्ठभागाचा ऊर्जा-ताळेबंद म्हणतात. नाव जड आहे, पण आपल्या किराणा दुकानदाराच्या खातेवहीपेक्षा त्यात काही अवघड नाही. जेवढी जमा, तेवढाच खर्च. एका वाटेने कमी गेले तर ते दुसऱ्या वाटेने गेलेच पाहिजे.

आता दोन वावरांची तुलना करा. पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत निव्वळ जमेचे शंभरातले सत्तर-ऐंशी किंवा त्याहूनही जास्त भाग वाफ करण्यात खर्च होतात. हवा तापवायला थोडेच उरते. याउलट मे महिन्यातल्या कोरड्या पडीत वाफ करायला पाणीच नसते. मग सगळे ऊन जमीन आणि हवा तापवते. दुपारी नांगरलेल्या वावरातून चालताना तळव्यांना चटके बसतात आणि धुरा ओलांडून ओलिताच्या वावरात पाय टाकला की जिवाला बरे वाटते, त्याचे कारण हेच. आपल्या घरचा कूलरही याच तत्त्वावर चालतो. ओल्या वाळ्यातून हवा गेली की तिच्यातली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते आणि हवा गार होऊन खोलीत येते.

आधणाचा दाखला

वाफ करायला उष्णता किती लागते याचा अंदाज माझ्या भगिनींना माझ्यापेक्षा चांगला असेल. चुलीवर भाताचे आधण ठेवा. पाणी उकळायला जेवढा वेळ लागतो, जाळ तेवढाच ठेवला तर तेच पाणी पूर्ण आटायला सुमारे सातपट वेळ लागतो. साध्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला ७५ किलोकॅलरी उष्णता पुरते. तेच एक लिटर पाणी वावरात उन्हाने उडून जाते तेव्हा त्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी खर्च होतात.

हा हिशेब एकराला लावून पाहू. एक एकर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडाले तर ते चोवीस हजार लिटर झाले. एवढ्या पाण्याची वाफ चुलीवर करायची म्हटली आणि जाळाचा कणही वाया गेला नाही असे धरले, तरी सुमारे चाळीस क्विंटल वाळलेले लाकूड जाळावे लागेल. एका एकरात, एका दिवसात! एवढे काम ऊन गाजावाजा न करता करते. त्याची किंमत मात्र आपण पाण्याच्या रूपाने चुकवतो.

शास्त्रज्ञ हे कसे मोजतात?

आपल्या देशात या मोजणीचा पाया महाराष्ट्रात, पुण्यात घातला गेला. १९३२ साली तिथे हवामान खात्याच्या कृषिहवामान विभागाचे काम सुरू झाले. त्याचे प्रमुख होते डॉ. एल. ए. रामदास. हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे शिष्य. जमिनीलगतच्या हवेचा आणि मातीच्या तापमानाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९३० च्या दशकात त्यांनी व आर. के. द्रविड यांनी पुण्याच्या काळ्या जमिनीवर खडूची पांढरी भुकटी पसरून पाहिली. पांढऱ्या रंगामुळे ऊन परत फेकले जाऊ लागले आणि खालची माती उघड्या काळ्या मातीपेक्षा थंड राहिली. आपली कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात एवढी का तापते आणि तिच्यावर काही पांघरले तर काय फरक पडतो, हे त्या साध्या प्रयोगाने दाखवून दिले.

त्याआधी १९२६ मध्ये अमेरिकेतील बोवेन या शास्त्रज्ञाने एक युक्ती मांडली होती. पिकावर दोन उंचींवर तापमान आणि हवेतला ओलावा मोजायचा. वरच्या आणि खालच्या हवेतल्या फरकावरून हवा तापवण्यात किती उष्णता गेली आणि वाफ करण्यात किती, याचे प्रमाण काढता येते. निव्वळ जमा आणि जमिनीत गेलेली उष्णता यंत्राने मोजली की उरलेल्या उष्णतेची वाटणी या प्रमाणावरून करता येते.

आताची यंत्रे याच्या बरीच पुढे गेली आहेत. पिकावरची हवा सरळ रेषेत वाहत नाही. ती लहान-मोठे भोवरे घेत वर-खाली होत असते. वर जाणारा भोवरा बांधीतला ओलावा घेऊन जातो आणि खाली येणारा तुलनेने कोरडा असतो. बांधीत खांब रोवून त्यावर बसवलेली यंत्रे सेकंदाला दहा-वीस वेळा हवेची चाल, तापमान आणि ओलावा टिपतात. कटक येथील राष्ट्रीय भात संशोधन संस्थेत या पद्धतीने धानाच्या बांधीचा ऊर्जा-ताळेबंद मोजला गेला आहे. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पाणी भरलेली बांधी आणि पाणी न साठवता गव्हासारखे ओलीत देऊन घेतलेले धान यांची तुलना केली. भरलेल्या बांधीत वाफेचा खर्च जास्त निघाला, तर पाणी न साठवलेल्या धानात हवा तापवण्याचा खर्च जास्त निघाला.

धानाच्या बाबतीत एक विशेष गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बांधीतले उभे पाणी तिजोरीसारखे वागते. सकाळी ते उष्णता साठवते आणि संध्याकाळनंतर ती परत देते. हा साठा धरला नाही तर धानाचा ताळेबंद चुकतो. आणि गंमत अशी की एवढी महागडी यंत्रे लावूनही जमाखर्चाचा ताळा नेमका जुळत नाही. जगभर अशा मोजणीत दहा ते तीस टक्के उष्णतेचा हिशेब लागत नाही. तेव्हा आपल्या साध्या मोजणीत थोडे मागे-पुढे झाले तर वाईट वाटून घेऊ नका.

शेजारच्या पडीतला ताप

आता माझ्या चुकीकडे परत येऊ. उन्हाळ्यात आपल्याकडे ओल्या बांधीची निव्वळ जमा दिवसाला साधारण सहा-सात मिलिमीटर पाणी उडवण्याइतकी असते. उन्हाचाच हिशेब धरला तर बांधीतून याहून जास्त पाणी वर जायला नको. पण हवामान केंद्रावर बाष्पीभवन मोजण्याचे एक पात्र असते. सुमारे चार फूट व्यासाचे आणि दहा इंच खोल. विदर्भात मे महिन्यात या पात्रातून दिवसाला दहा-बारा मिलिमीटरहूनही जास्त पाणी उडते. वरचे चार-पाच मिलिमीटर उडवायला उष्णता आली कुठून?

ती आली शेजारून. कोरड्या रानात सगळे ऊन हवा तापवते हे आपण पाहिले. ही तापलेली, तहानलेली हवा पश्चिमेकडून, वायव्येकडून वाहत येते आणि वाटेत जिथे ओल मिळेल तिथे आपली उष्णता टाकून पाणी उचलते. बांधी ओल्या मुलखाच्या मध्यभागी असेल तर वारा आधीच गार आणि दमट होऊन आलेला असतो. चोहोकडे पऱ्हाटी उपटलेली, नांगरलेली काळी जमीन असेल आणि मध्ये एकच एकर हिरवे असेल, तर त्या एकराला स्वतःवर पडलेल्या उन्हाबरोबर शेजारच्या पडीतला तापही सोसावा लागतो. लग्नाच्या गावात एकाच घरी रांजण भरलेला असला तर सगळे पाहुणे तिथेच पाणी प्यायला येतात, तसा हा प्रकार आहे.

काकाजींच्या विहिरीचे पाणी असेच गेले. माझ्या वहीतला आकडा ओल्या मुलखाचा होता. त्यांच्या वावराचे खाते मी कधी मोजलेच नव्हते.

आपल्या बांधीत मोजा

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. पहिली पद्धत केवळ एका पट्टीची आहे. बांधीत मध्यभागी खुंटी ठोका आणि तिला शाळेतली मिलिमीटरच्या खुणांची पट्टी उभी बांधा. पाणी आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे तोंड बंद करा. पाऊस नसलेला दिवस निवडा. संध्याकाळी सहा वाजता, सकाळी सहा वाजता आणि पुन्हा संध्याकाळी सहा वाजता पातळी वाचून लिहून ठेवा.

समजा, पहिल्या संध्याकाळी पाणी ६० मिलिमीटर होते, सकाळी ५७ आणि दुसऱ्या संध्याकाळी ४८. रात्री ऊन नसते, त्यामुळे पाणी वर फारसे उडत नाही. रात्री उतरलेले ३ मिलिमीटर खाली मुरले किंवा धुऱ्यातून पाझरले असे धरा. बारा तासांत ३, म्हणजे चोवीस तासांत ६. एकूण उतार होता १२. त्यातून ६ वजा केले की उरलेले ६ मिलिमीटर उन्हाने आणि वाऱ्याने नेले. एकराला चार हजाराने गुणा: चोवीस हजार लिटर वर गेले आणि चोवीस हजार लिटर खाली किंवा बाजूला गेले. रात्री जोराचा कोरडा वारा असेल तर त्या रात्रीचे माप धरू नका.

दुसरी पद्धत आपल्याच मराठी शास्त्रज्ञाची आहे. पाणी व्यवस्थापनाचे तज्ज्ञ डॉ. ना. ग. दास्ताने यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत काम करताना धानासाठी ड्रमची पद्धत प्रचारात आणली. सुमारे चाळीस गॅलनचे दोन ड्रम घ्यायचे. एकाचा तळ तसाच ठेवायचा, दुसऱ्याचा कापून टाकायचा. दोन्ही बांधीत असे पुरायचे की सुमारे पाव भाग जमिनीच्या वर राहील. आत बांधीतलीच माती भरून बाहेरच्याच अंतराने धान रोवायचे आणि पाण्याची पातळी बाहेरच्याइतकी ठेवायची. तळ असलेल्या ड्रममधून पाणी वरच जाऊ शकते. तळ नसलेल्यातून ते वरही जाते आणि खालीही मुरते. दोहोंच्या उतारातला फरक म्हणजे मुरलेले पाणी. बाहेरच्या बांधीत यापेक्षाही जास्त उतार दिसला तर जास्तीचे पाणी धुऱ्यातून गेले असे समजावे. दोन जुन्या ड्रमांत तीन खाती स्वतंत्र कळतात.

ही नोंद घरातल्या शाळकरी मुलामुलींवर सोपवा. रोज एकाच वेळी वाचायचे आणि तारखेसह लिहायचे, एवढाच नियम. पंधरा दिवसांची वही एखाद्या वर्षाच्या अंदाजापेक्षा जास्त खरे सांगते.

हिशेब कळला, आता उपाय

पाणी वर जाते की खाली, हे कळल्याशिवाय उपाय करू नये. दोन्हींचे औषध वेगळे आहे.

पाणी खाली किंवा बाजूला जात असेल तर ते पुष्कळ प्रमाणात थांबवता येते. चिखलणी नीट करा. धुऱ्यातली खेकड्यांची आणि उंदरांची बिळे बुजवा, धुरा ठोकून लिंपून घ्या. वावर समतल करा. चार इंच पाणी भरून ठेवण्याची सवय असेल तर ते दोन इंचांवर आणा, कारण उभ्या पाण्याची उंची जितकी जास्त तितके मुरणे जास्त. याहून पुढे जायचे असेल तर आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सुचवलेली पाणीनळी वापरा. एक फूट लांबीची, बाजूंनी भोके पाडलेली नळी बांधीत उभी पुरायची. तिच्यातले पाणी जमिनीच्या पातळीखाली सहा इंचांपर्यंत उतरले की मगच पुढचे पाणी द्यायचे. रोवणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याचा काळ मात्र बांधीत पाणी ठेवावे. भारी काळ्या जमिनीत आणखी एक काळजी घ्या. भेगा पडू देऊ नका. एकदा रुंद भेग पडली की पुढच्या पाळीचे पाणी तिच्यातून सरळ खाली उतरते आणि बचत होण्याऐवजी तोटा होतो.

पाणी वर जात असेल तर पाणीनळीने त्यात फारसा फरक पडत नाही. ऊन आणि वारा आपला वाटा घेणारच. तिथे चार गोष्टी कराव्यात. पहिली, उन्हाळी ओलीत विखरून करू नये. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी ठरवून एका तुकड्यात लागून पीक घ्यावे, म्हणजे गरम वाऱ्याचा मारा कडेच्या पट्ट्यालाच बसतो. दुसरी, वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला आणि वायव्येला, शेवरीची किंवा उंच चाऱ्याची दाट ओळ लावावी. तिच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर मोडतो. तिसरी, लवकर पेरून लवकर मोकळे व्हावे. एप्रिल-मे महिन्यांतला एकेक दिवस जानेवारीतल्या दोन-तीन दिवसांइतके पाणी खातो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, विहिरीत मे महिन्यात जेवढे पाणी राहते ते पाहून क्षेत्र ठरवावे. जानेवारीतले पाणी पाहून ठरवू नये.

पंपाच्या भाषेत सांगायचे तर, तुमचा पंप सेकंदाला पाच लिटर पाणी देत असेल तर सहा मिलिमीटरसाठी तो एकराला रोज एक तास वीस मिनिटे चालावा लागेल. गरम वाऱ्यामुळे हाच खर्च बारा मिलिमीटरवर गेला तर दोन तास चाळीस मिनिटे. मुरणारे पाणी आणखी वेगळे. तुमची विहीर आणि विजेच्या वेळा एवढा ताण सोसतील का, हे आधी पाहा.

धान नसलेल्यांसाठी

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे धान नाही, मग हे कशाला? उन्हाचे खाते प्रत्येक पिकाचे असते. उमरखेड, महागाव, पुसदकडचा ऊस, केळी, हळद असो, की बेंबळा, अरुणावती, पूस यांच्या कालव्यांवरचा गहू आणि भुईमूग असो, एकाकी हिरव्या तुकड्याला शेजारचा ताप सोसावाच लागतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी बहुतेक वेळा असाच एकटा पडतो. वरच्यांनी बांध फुटेपर्यंत पाणी घेतले आणि ते मुरून गेले, तर खालच्याच्या वाट्याला कोरडी चारी आणि गरम वारा दोन्ही येतात. वरच्या शेतकऱ्याने पट्टी लावून मोजले तर गरजेपेक्षा किती पाणी मुरते ते त्याचे त्यालाच दिसेल आणि उरलेली धार पुढे जाईल.

फळझाडांच्या आळ्यात आणि भाजीपाल्याच्या ओळींत सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार, तणस पसरा. पुण्याच्या काळ्या मातीवर खडूच्या भुकटीने जे दाखवले, त्याच्याच जवळचे काम आपले कुटार करते. मातीवर थेट ऊन पडू देत नाही आणि वाऱ्याला ओल उचलू देत नाही. ते जाळून टाकू नका.

शेवटी त्या काकाजींविषयी. पुढच्या वर्षी मी स्वतः एक ड्रम आडवा कापून त्यांच्या धुऱ्यावर पाणी भरून ठेवला आणि आत पट्टी लावली. त्यांच्या धाकट्या मुलीने शाळेच्या वहीत रोजचा उतार लिहिला. मार्चच्या शेवटी ती वही घेऊन आम्ही तिघे विहिरीच्या काठावर बसलो. त्या वर्षी त्यांनी वाऱ्याच्या आडोशाला चाऱ्याचा लहानसा तुकडा ठेवला आणि बाकी वावर नांगरून तापू दिले. मे महिन्यात मी गेलो तेव्हा विहिरीत गुरांना पुरेल एवढे पाणी होते. काकाजींनी मला बादलीभर पाणी शेंदून हातपाय धुवायला दिले. वहीबद्दल ते काही बोलले नाहीत, पण ती घरात देवळीत जपून ठेवलेली मी पाहिली.

या उन्हाळ्यात एक पट्टी तुमच्याही वावरात उभी करा. पंधरा दिवस लिहा. मग पुढच्या पिकाचा निर्णय घ्या.